अर्धं जुनं पाणी

१

आमच्या घरी टाक्यांचं पाणी बदलायचं काम नळ यायच्या आधी उरकावं लागतं. मागच्या खोलीत लोखंडी अँगलचं दोन मजली रॅक आहे आणि त्यावर ओळीने काचेच्या टाक्या. एकेका टाकीतून मगाने पाणी काढायचं, बादली भरली की मागच्या दाराने बाहेर नेऊन कढीपत्त्याच्या झाडाशी ओतायची, परत यायचं. पाणी निम्म्यावर आलं की ड्रममधलं कालचं पाणी तसंच मगाने वर भरायचं. नळाचं ताजं पाणी थेट घालता येत नाही, त्यातला क्लोरीन माशांना मारतो. ते ड्रममध्ये दिवसभर उघडं राहून शिळं व्हावं लागतं. आणि सगळं पाणी एकदम कधीच बदलायचं नाही. अर्धं जुनं राहू द्यायचंच.

हे सगळं माझा मोठा भाऊ केयूर करायचा. त्याची तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या खोलीत गेले तर बाबा जमिनीवर गुडघे टेकून खालच्या टाकीत मग बुडवत होते. त्यांच्या गुडघ्यांच्या वाट्या झिजलेल्या आहेत. बादली भरली होती आणि त्यांना उठता येत नव्हतं. किती वेळ ते तसे बसले होते कोण जाणे. मी काखेत हात घालून उठवलं तर म्हणाले, राहू दे बेटा, मी करून राहिलो आहे ना.

ते मासे शोभेचे नव्हते. कुहीजवळ दादाच्या मित्राच्या, दुर्गेशच्या शेतात एक बोडी आहे, धानाला पाणी द्यायचं जुनं तळं. त्यात बोटभर लांबीचे, शेपटीपाशी काळा ठिपका असलेले मासे होते, जे आजूबाजूच्या तळ्यांतून नाहीसे झाले होते. मोठ्या तळ्यांत विकायच्या माशांचं बी सोडतात, त्यात हे टिकत नाहीत. बोडी मे महिन्यात आटते. दादा दरवर्षी शेवटच्या चिखलातून हे मासे काढून घरी आणायचा आणि बोडी भरली की परत सोडायचा. लोक हसायचे. मी पुण्यात पर्यावरणाच्या कामात होते, मोठमोठे अहवाल लिहीत होते, आणि मनातून मला ठाऊक होतं की आमच्या दोघांत खरं काम तोच करतो.

यंदाही त्याने मासे काढले. भर दुपारी, चिखलात उभा राहून. मासे घरी आले. तो कुहीच्या दवाखान्यापर्यंतच पोचला. डॉक्टरांनी सांगितलं, अंगातलं पाणी संपलं होतं.

बोडी भरेपर्यंत हे मासे जगवायचे, एवढं एकच काम आता माझ्यासमोर होतं. पुण्याला मी कळवून टाकलं की मी येत नाही.

२

मला सावकाश काम जमत नाही. त्याच दिवशी मी कागदावर आकृती काढली. प्रत्येक टाकीच्या तळाला एक भोक पाडायचं, त्यात आतून एक उभी नळी बसवायची, टाकीच्या निम्म्या उंचीची. सगळी भोकं खालून, पाणी उलटं वर चढू नये म्हणून एकेक झडप घालून, एकाच पाइपला जोडायची, तो पाइप भिंतीतून बाहेर काढायचा आणि खोलीच्या आत त्याला एकच कॉक बसवायचा. कॉक उघडला की सगळ्या टाक्यांतलं पाणी उभ्या नळीच्या तोंडापर्यंत, म्हणजे बरोबर निम्म्यावर येऊन थांबणार. ना कमी ना जास्त. मग ड्रममध्ये ठेवलेला कूलरचा पंप सुरू करायचा, तो बारीक नळ्यांनी सगळ्या टाक्या एकदम भरणार. बादली नको, मग नको, गुडघे टेकायला नको.

दुर्गेश कुहीहून मोटरसायकलवर पाइप आडवे बांधून घेऊन आला. तेरवीला तो मांडवाच्या टोकाला बसून न जेवता निघून गेला होता. आताही बाबांच्या नजरेला नजर देत नव्हता. मी ड्रिल हातात घेतलं तेव्हा मात्र राहवलं नाही त्याला. "तुले जमते का वं हे? काच हाय ते, लाकूड नाही." मी म्हटलं, बघत राहा. त्याने भोकावर पाण्याची धार धरली, मी ड्रिल दाबलं, आणि पहिलीच टाकी कडकन तडकली. त्याने धार बंद केली. मग म्हणाला, "झालं. आता बाकीच्या माह्या हातानं फोडू का?"

आम्ही दोघंही हसलो आणि लगेच थांबलो. तेवढ्यात मला विचारायचं होतं ते विचारून घेतलं. त्याने खाली बघतच सांगितलं. मासे ड्रममध्ये भरून झाले होते आणि गाडी रस्त्यावर होती, म्हणून तो गाडी आणायला गेला. चाक फुफाट्यात रुतलं. परत आला तेव्हा केयूर बोडीच्या काठावर बसलेला होता, बोलत होता, पण भलतंच काही. प्यायच्या पाण्याची कॅन रिकामी होती. "मी त्याले म्हटलं, पाणी कुठं गेलं गा? तर माशाच्या ड्रमकडे बोट दाखवलं."

बाकीच्या टाक्या एकेक करून, मासे जुन्या पाण्यासकट बादलीत काढून ठेवत, नीट झाल्या. संध्याकाळी आम्ही कॉक उघडला. सगळ्या टाक्यांतली पातळी एकदम, एका रेषेत खाली येऊ लागली. पाणी नळीच्या तोंडाशी आलं तसा घटाघटा आवाज झाला आणि थांबला. मासे निम्म्या पाण्यात शांत फिरत होते. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी केल्यासारखं वाटलं.

बाबा दारात उभे राहून बघत होते. मी त्यांना सांगितलं की आता फक्त हा एक कॉक फिरवायचा. त्यांनी विचारलं की पाणी बाहेर कुठे पडतं. कढीपत्त्याच्या झाडाशी, मी म्हटलं, नेहमीच्याच जागी. ते कॉककडे बघत राहिले आणि मग आत जाऊन पडले.

३

दुसऱ्या दिवशी सकाळचं बदलणं झाल्यावर मी पाइपाला बाहेर कुठे गळती आहे का ते बघायला मागच्या अंगणात गेले. गळती नव्हती. पाइप भिंतीतून निघून झाडाच्या आळ्याशी संपत होता, ठरवलं तसाच. पण आळं कोरडं होतं.

मी वाकून हात लावला. माती तडकलेली होती आणि भेगांत बारीक धूळ भरली होती. पाइपाच्या तोंडाखाली एवढं पाणी पडलं असतं तर तिथे खड्डा व्हायला हवा होता. धुळीवर मुंगीच्या वाटेची रेघसुद्धा शाबूत होती.

ऊन आहे, मी स्वतःला म्हटलं. नागपूरचा जून आहे, पाऊस लांबलेला आहे, ही काळी माती भेगांतून वाटेल तेवढं पाणी पोटात घेते. हे म्हणताना मला ठाऊक होतं की काळी माती ओली झाली की तासन्‌तास काळीच राहते.

पुढच्या सकाळी पाइपाखाली बादली ठेवली आणि आत येऊन कॉक उघडला. टाक्या निम्म्यावर आल्या, घटाघटा आवाज झाला, कॉक बंद केला. बाहेर गेले तर बादली आडवी पडली होती. आत हात फिरवला तर तळ ओलसर होता. आजूबाजूची जमीन कोरडी.

मांजर, मी म्हटलं. भरलेली बादली मांजराने पाडली असती तर अंगणभर पाणी झालं असतं, हे मी त्या वाक्याला जोडलं नाही.

मग मी आतला सगळा पाइप तपासला. प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर गुंडाळला, एकही ओला झाला नाही. जेवढं पाणी टाक्यांतून पाइपात जात होतं ते बाहेर पडण्याशिवाय दुसरा मार्गच नव्हता. दादा असता तर म्हणाला असता, आधी मोज, मग मत बनव. मी मोजलं होतं. मत बनत नव्हतं.

४

आमच्याकडे दुपारी रस्त्यावर कुणी नसतं. बाराला दारं लागतात ती पाचला उघडतात. खिडक्यांना पडदे, कूलरची घरघर, आणि बाकी सगळी आमची नंदनवन वस्ती मेल्यासारखी पडलेली. मी समोरच्या खोलीत झोपायचे. झोप म्हणजे डोळ्यांवर हात ठेवून आडवं व्हायचं.

त्या दुपारी वीज गेली आणि कूलर बंद पडला, म्हणून मला आवाज ऐकू आला. घटाघटा. उभ्या नळ्यांच्या तोंडाशी पाणी आल्यावर होतो तो आवाज. पण सकाळीच पाणी बदललं होतं आणि कॉक मी बंद केला होता.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बाबा कॉकपाशी स्टुलावर बसले होते. पंजा पाइपावर ठेवलेला, जसा ताप बघायला कपाळावर ठेवतात. टाक्या निम्म्यावर होत्या. वीज आली तशी त्यांनी पंप सुरू केला, टाक्या भरल्या, आणि पंप बंद करून त्यांनी कॉक पुन्हा उघडला.

मी मागे उभी आहे हे त्यांना कळलं नव्हतं. आवाज पाइपातून येत होता. मी स्वतःला समजावत होते की नळीत पाण्याबरोबर हवा शिरली की असाच आवाज येतो, कुठल्याही मोरीत येतो. तो आवाज सलग नव्हता. दोन-तीन घोट, मग थांबणं. थांबताना एक लांब श्वास. मग पुन्हा घोट.

सगळे मासे टाक्यांच्या पुढच्या काचेला चिकटून होते, नळ्यांपासून जास्तीत जास्त लांब.

मी बाबांना हाक मारली तेव्हा ते दचकले नाहीत. त्यांनी फक्त बोट ओठांवर ठेवलं.

५

ड्रम रोज रिकामा होऊ लागला. नळाला उन्हाळ्यात सकाळी थोडा वेळ करंगळीएवढी धार येते, तेवढ्यात ड्रम एकदाच भरतो. ते पाणी शिळं झालं की सकाळचं एक बदलणं कसंबसं निघतं. बाबा दुपारी तेच पुन्हा पुन्हा करत होते. मी रागावले, समजावलं, कॉकपाशी खुर्ची टाकून बसले. दुर्गेशला फोन केला तर तो म्हणाला, बोडीत अजून कुत्रंही पाय न भिजवता पलीकडे जाऊन राहिलं.

एका दुपारी बँकेच्या कामासाठी मला बाहेर जावं लागलं. परत आले तर वरच्या रांगेतली कडेची टाकी पांढरी दिसत होती. मासे पोटं वर करून तरंगत होते. सगळेच्या सगळे. ड्रम संपला होता आणि बाबांनी प्यायच्या पाण्याच्या साठ्यातलं, सकाळीच भरून झाकून ठेवलेलं नळाचं पाणी त्यात ओतलं होतं.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. दादाने या माशांसाठी जीव दिला आणि तुम्ही ते कॉकशी खेळून मारताय, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. बाबा ऐकून घेत होते. मी थांबल्यावर ते सांगू लागले, हळू, चूक कबूल करणाऱ्या मुलासारखे.

दादाला घरी आणून ठेवलं होतं ती जागा याच खोलीत होती, रॅकसमोर. तिथे दहा दिवस दिवा होता आणि पाण्याचा तांब्या. मी त्या सगळ्याला हातही लावला नव्हता, माझा विश्वास नाही. यमुआत्याने बाबांना नीट सांगितलं होतं की तांब्यातलं पाणी रोज बदलायचं आणि जुनं घराबाहेर झाडाच्या मुळाशी सोडायचं. त्यांनी रोज बदललं. पण बाहेर नेलं नाही.

"ती जमीन इतकी तापलेली असायची बेटा," ते म्हणाले. "ओतलं की चर्र आवाज यायचा. त्याच्या वाट्याचं पाणी मी तिथे कसं ओतू? मग इथेच घातलं. त्याच्या माशांत."

कुठल्या टाकीत, मी विचारलं.

कुठल्याही, ते म्हणाले. रोज वेगळ्या.

मला हसू यायला हवं होतं. एरवी मी असल्या गोष्टींवर तासभर बोलले असते. त्याऐवजी माझं मन आपोआप हिशेब करू लागलं. अर्धं बदललं की अर्धं उरतं. त्याचं अर्धं, त्याच्याही अर्ध्याचं अर्धं. कितीही वेळा बदला, ते पाणी पुरतं कधीच जात नाही. आणि सगळ्या टाक्या आता एका पाइपला जोडलेल्या होत्या. मीच जोडल्या होत्या.

६

दुसऱ्या दिवशी मी एक प्रयोग केला. तांब्याचा मोठा हंडा घासून, माठातलं गार पाणी भरून पाइपाच्या तोंडाशी ठेवला. कुणासाठी ते मनातही म्हटलं नाही. संध्याकाळी हंडा तसाच होता, काठोकाठ, वर धुळीची साय.

त्याच्या पुढच्या दुपारी मी बाबांना अडवलं नाही. एकदाच, मी म्हटलं. त्यांनी कॉक उघडला आणि आवाज सुरू झाल्यावर मी मागच्या दाराशी गेले. दार बोटभर उघडलं.

बाहेरचा उजेड इतका पांढरा होता की आधी काहीच दिसलं नाही. मग कढीपत्त्याच्या झाडाची विरळ सावली दिसली, आणि त्या सावलीत उकिडवं बसलेलं कुणीतरी. माझ्याकडे पाठ होती. कोपर बाहेर काढून दोन्ही हातांची ओंजळ पाइपाखाली धरलेली, मान पुढे. मानेवरच्या केसांत वाळलेला चिखल पांढरा झाला होता. दादाचे कान बाहेर आलेले होते, शाळेत त्यावरून चिडवायचे त्याला. त्या कानांतून ऊन लाल दिसत होतं.

तो पीत होता. ओंजळीत पडत होतं त्यातला एक थेंबही खाली जात नव्हता, आणि तरी मान वर होत नव्हती. कोरड्या फळ्यावर बोट ओढल्यासारखा घसा वाजत होता. इतकं पाणी गेल्यावर माणूस थांबतो, ढेकर देतो, तोंड पुसतो. तो ओंजळ आणखी वर नेत होता, पाइपाच्या तोंडाशी, आणि मग त्याने ओंजळ सोडून पाइपालाच तोंड लावलं.

तो दिसला तर मी धावत जाईन असं मला वाटलं होतं. या इतक्या दिवसांत झोपेत मी कितीदा धावत गेले होते.

आत पाणी निम्म्यावर आलं असणार, कारण धार तुटली. त्याने डोकं मागे घेतलं आणि ते हळूहळू दाराच्या बाजूला वळू लागलं. गालाचं हाड दिसलं. ओठांची कड दिसली. ते ओठ मी एकदा पाहिले होते, पांढऱ्या चादरीच्या वर, आणि मला ते पुन्हा पाहायचे नव्हते.

मी दार लावलं. कडीही लावली.

७

त्या संध्याकाळी मी पाना घेऊन कॉकची दांडी काढून टाकली आणि माझ्या बॅगेत ठेवली.

बाबा भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, मला भांडणात उत्तरं सुचतात. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली. "घरात पाणी आहे ना गं. घरात पाणी असताना त्याला नाही म्हणायचं?"

मी म्हटलं, ते त्याच्या माशांचं आहे. ते मेले तर तो कशासाठी गेला?

"त्याला विचार," बाबा म्हणाले.

मी विचारलं नाही. मला भीती होती की तो हो म्हणेल, दे म्हणेल, मासे गेले खड्ड्यात म्हणेल. तहानेने जो बसला आहे तो माझा दादाच असेल असं कुठे होतं. आणि असला, तर तो असं म्हणाला हे ऐकून मी पुढे काय करणार होते?

टाक्यांचं पाणी मी पुन्हा मगाने बदलू लागले. मगाने काढायचं, बादली भरायची. ती बादली बाहेर नेण्याचं धैर्य होत नव्हतं, म्हणून न्हाणीघरात ओतायची. ड्रम पुरू लागला. मासे खाऊ लागले, त्यांचे ठिपके पुन्हा गडद झाले.

दुपारी मात्र आवाज यायचा. बंद कॉकच्या पलीकडच्या कोरड्या पाइपातून. रस संपलेल्या ग्लासात नळी ओढत राहिल्यासारखा. बराच वेळ यायचा, मग एक विश्रांती, मग पुन्हा. एखाद्या दिवशी इतका जोर असायचा की टाक्यांतल्या उभ्या नळ्या थरथरायच्या आणि पाण्यावर वर्तुळं उठायची. मी कूलर मोठा करायचे. कानात बोटं घातली तरी हाडांतून ऐकू यायचं. बाबा पाइपावर पंजा ठेवून स्टुलावर बसलेले असायचे. एकदा ते पाइपाशी बोलताना ऐकले. म्हणत होते, थोडं थांब, ती अजून लहान आहे.

कॉकची दांडी माझ्या बॅगेत होती. रोज दुपारी मी बॅगेची चेन उघडायचे, आणि रोज दुपारी काचेमागे फिरणाऱ्या त्या बोटभर जिवांकडे बघून पुन्हा लावायचे.

मग आवाज कमी होत गेला. शेवटी शेवटी दुपारभरात एखादाच घोट, तोही अर्धवट. एका दुपारी मी वाट बघत बसले आणि काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी रडू आलं, कारण दवाखान्यातही असंच झालं असणार, बोलणं कमी कमी होत गेलं असणार, आणि तिथल्या कुणाला तरी वाटलं असणार की आता झोपला बिचारा.

८

दुर्गेशचा फोन आला. कुहीकडे दोन दणदणीत सरी झाल्या होत्या, बोडी काठाला आली होती. नागपुरात थेंबही नव्हता. तो पिकअप घेऊन आला, झाकणाचे ड्रम आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन. आम्ही जाळीने एकेका टाकीतले मासे काढले. मोजणी नाही केली, पण पुष्कळ होते. दादाने आणले त्यापेक्षा जास्त असतील, खालच्या टाकीत अंडी फुटून नखाएवढी पिल्लं झाली होती.

दुर्गेशने मला बरोबर चल म्हणून आग्रह केला. "त्याची बोडी हाय वं ते. त्याच्या घरचं कोणी पाहिजे सोडाले." मी म्हटलं, तूच सोड, माझं इथे काम आहे. तो बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, गाडीत प्यायचं पाणी घेतलं आहेस ना.

गाडी गेली. टाक्यांत आता फक्त पाणी होतं. ते कुणाचंच नव्हतं, किंवा ज्याचं होतं त्यालाच ते सगळं आता देता येणार होतं. मी बॅगेतून दांडी काढून कॉकला बसवली, मग टाकीत हात घालून उभ्या नळ्या उपटून काढल्या, सगळ्या, म्हणजे काही मागे उरणार नाही. ड्रममध्ये होतं नव्हतं ते सगळं टाक्यांत ओतलं. बाबा स्टुलावर बसले होते. मी त्यांचा हात धरून कॉकवर ठेवला.

बाहेर जाऊन उभी राहते, मी म्हटलं. मग उघडा.

भर दुपार होती. मी कडी काढली आणि या खेपेला दार सताड उघडलं. कढीपत्त्याची सावली तेवढीच विरळ होती. पाइपाच्या तोंडाशी मी जाऊन उभी राहिले, अगदी जवळ, चेहरा बघावा लागला तरी बघायचा असं ठरवून.

"दादा," मी म्हटलं.

आत कॉक करकरला. पाइप खोकला, थोडी हवा आली, मग गंजकट वासाची एक उचकी, आणि मग धार. चांगली जाड धार. ती जमिनीवर पडली. धुळीचे गोळे झाले, भेगांत पाणी शिरलं, भेगा भरल्या, माती काळी झाली. आळं भरलं आणि काठावरून वाहू लागलं. माझ्या चपला बुडाल्या. मी धारेखाली ओंजळ धरली, ती भरली, आणि बोटांतून सगळं खाली गेलं.

मी वाट बघत होते. झाडाचं पानही हललं नाही. पाणी फरशीवरून शेजारच्या भिंतीकडे निघालं होतं.

"आला का गं?" आतून बाबांनी विचारलं. त्यांना स्टुलावरून चटकन उठता येत नव्हतं, खिडकीतून त्यांना झाडाचा शेंडा तेवढा दिसत असणार.

मी आयुष्यात बाबांशी खोटं बोलले नव्हते. त्याचा मला गर्व होता.

"हो बाबा. पितोय."

पाइप वाहत होता.

"हळू पी म्हणावं," बाबा म्हणाले. "ठसका लागेल."

"हळू, दादा," मी मोठ्याने म्हटलं, आणि पाण्यात उभी राहिले.